कोच नेमावा की उधारी वसूल करावी?

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये माझा सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे. कामे भरपूर, पण हाती पैसा उरत नाही. एक बिझनेस कोच दीड लाख रुपये आगाऊ मागत आहेत. नेमावे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : तूर्त नको. कोच म्हणवून घेण्यास कोणताही परवाना लागत नाही, त्यामुळे आधी त्यांच्या जुन्या ग्राहकांना, शक्यतो कारखानदारांनाच, भेटावे. तुमचे दुखणे मात्र मला उधारीचे वाटते. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे, करारात कितीही मुदत लिहिलेली असली तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने बंधनकारक असून, उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. मोठ्या गिऱ्हाइकाला तसे पत्र लिहिताना हात कचरतो, हे खरे. तरी थकबाकीची यादी आधी आपल्या सनदी लेखापालांसमोर ठेवावी.