हळद-पुनर्नव्यातली द्रव्यं किडनीची सूज आणि फायब्रोसिस घालवू शकतात का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारं द्रव्य) २.४ आहे, बायोप्सीत आयजीए नेफ्रोपॅथी (आयजीए नावाची प्रथिनं किडनीच्या गाळणीत साचून होणारा आजार) आणि फायब्रोसिस, म्हणजे किडनीत तंतू साचून पडलेला वण, निघालंय, नात्यातल्या कुणीतरी कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या द्रव्याच्या, कॅप्सूल नि पुनर्नव्याचा काढा सुचवलाय आणि त्यांच्या बाजूचे शोधनिबंधही तुम्ही वाचलेत. मी फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते. एम.फार्म.चं माझं काम याच विषयावरचं, उंदरांवरचं. आधी सरळ उत्तर देते: कॅप्सूलही नको, काढाही नको.

तुम्ही वाचलेले शोधनिबंध खोटे नाहीत, पण ते प्रयोग कसे होतात ते सांगते. उंदराची एका बाजूची मूत्रवाहिनी दोऱ्याने बांधायची. तुंबलेल्या किडनीत आठवड्या-दोन आठवड्यांत तंतू साचायला लागतात. आम्ही द्रव्य पाजायला सुरुवात करायचो ती बांधल्या दिवसापासूनच. पुढे स्लाइडवर कोलॅजनचा, म्हणजे वणातल्या तंतूंचा, निळा रंग फिका दिसला की केवढा आनंद व्हायचा! पण तो पडू घातलेला वण अडवल्याचा आनंद होता. तुमच्या वडिलांच्या किडनीतला वण काही वर्षांत हळूहळू पडून गेलेला आहे. असा जुना वण विरघळवतं असं एकही वनस्पतिद्रव्य माणसांत सिद्ध झालेलं नाही.

कर्क्युमिनची पहिली अडचण म्हणजे ते आतड्यातून रक्तात फारसं उतरतच नाही. म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्यातलं पायपरीन घालतात, आणि त्यामुळे इतर औषधांचीही रक्तातली पातळी बदलू शकते. कॅनडात पोटातल्या महाधमनीची शस्त्रक्रिया होणाऱ्या ६०६ रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. सूज कमी झाली नाही. उलट किडनीला अचानक इजा होण्याचं प्रमाण कर्क्युमिन घेणाऱ्यांत १७ टक्के निघालं, न घेणाऱ्यांत १० टक्के. आमटी-भाजीतली चिमूटभर हळद वेगळी, ती खुशाल घालत राहा. पुनर्नव्यात, म्हणजे आपल्या घेटुळीत, पोटॅशियम भरपूर असतं. वडील टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्या घेत असतील तर त्या गोळ्याही पोटॅशियम वाढवतात. ते फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

‘वनस्पतीचं आहे, अपाय तर नाही ना होणार’ हे वाक्य ऐकलं की मला ब्रसेल्स आठवतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे वजन कमी करायच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी, नावाच्या साधर्म्यामुळे, अरिस्टोलोकिया कुळातली दुसरीच वनस्पती गेली. शंभरेक बायकांच्या किडन्या वण पडून आक्रसल्या. पुढे त्यांतल्या बऱ्याच जणींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. यातलं अरिस्टोलोकिक अ‍ॅसिड आज प्रयोगशाळांत उंदरांच्या किडनीत मुद्दाम फायब्रोसिस घडवायला वापरतात. आपल्याकडची ईश्वरी आणि कीडामारी याच कुळातल्या. कुणी सुटं चूर्ण दिलं तर त्यात नेमकं काय आहे हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. झाडातून किडनीसाठी खरंच मोठं काही हाती लागलंय, फक्त ते चूर्णाच्या डबीत मिळत नाही. १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं द्रव्य वेगळं केलं गेलं. पुढे कळलं की ते दिल्यावर लघवीतून साखर जाते, कारण किडनी जिथून साखर परत शोषते तो मार्गच ते अडवतं. तोंडावाटे मात्र उपयोग होईना. ते आतड्यातच मोडायचं आणि जुलाब व्हायचे. रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूतला साखरेचा सांधा बदलून तो टिकाऊ केला, आणि त्यातून डापाग्लिफ्लोझिन हे गोळीतून घ्यायचं औषध आलं. त्याच्या २०२०च्या मोठ्या चाचणीत ४,३०४ किडनीरुग्ण होते, मधुमेह नसलेलेही. किडनीचं काम निम्म्याने घटणं, ती निकामी होणं, किडनीच्या किंवा हृदयाच्या आजाराने मृत्यू, हे सगळं मिळून ३९ टक्क्यांनी कमी झालं. त्यांत आयजीए नेफ्रोपॅथीचे २७० जण होते, त्यांनाही फायदा झाला. हे औषधही जुना वण पुसत नाही. किडनीच्या गाळणीतला दाब उतरवून नवा वण पडायचा वेग कमी करतं. भारतात २०२० मध्ये पेटंट संपल्यावर जेनेरिक गोळ्या आल्या, किंमत बरीच उतरली.

वडिलांना ही गोळी चालू आहे का, नसेल तर का नाही, एवढं नेफ्रॉलॉजिस्टना जरूर विचारा. काही जणांना ती चालत नाही, म्हणून मनाने मात्र सुरू करू नका. चालू असेल आणि उलट्या-जुलाब झाले किंवा कडक उपवास असला तर तेवढे दिवस थांबवायची का, हेही आधीच विचारून ठेवा.

आणि काढा आधीच सुरू केला असेल तर तो बंद करून उद्याच पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. डॉक्टरांकडे जाताना बाटली सोबत न्या. रागावतील म्हणून लपवू नका, त्यांना ते कळणं फार गरजेचं आहे.