सिस्टरना विचारा : बाळंतिणीजवळ कोण थांबणार?

प्रश्न : सिस्टर, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलभागात गवळीवाड्यांवर आशा म्हणून फिरते. माझी नणंद कॅनडात नर्स आहे. तिकडे उत्तरेत मूळ रहिवासी स्वतःच दवाखाने चालवतात, ‘कल्चरल सेफ्टी’चं, म्हणजे पेशंटच्या रीतीभातींचा मान राखून वागायचं, ट्रेनिंग असतं, असं ती सांगते. आमच्या बायका मात्र दवाखान्याचं नाव काढलं की वाड्यावरच उरकू म्हणतात. तिकडचं इथे काही जमेल का?

उत्तर : जमेल की! पण ट्रेनिंग राहू दे बाजूला, आधी कारभार कुणाच्या हातात आहे ते बघा. क्विबेकच्या उत्तरेला हडसन उपसागराकाठी पुविर्निटुक गाव आहे. तिथल्या इनुइट, म्हणजे मूळ रहिवासी, बायकांना दिवस भरत आले की विमानाने दूर दक्षिणेला नेत. घरचं कुणी जवळ नाही, भाषा परकी. बायकांनी लावून धरलं आणि १९८६ मध्ये गावातच प्रसूतिगृह झालं. तिथल्याच मुली सुईणकाम शिकल्या. जोखमीची बाई आजही बाहेर पाठवतात, पण ते ठरवताना सुईणींचा शब्द असतो.

आपल्याकडे? बाळंतिणीच्या दंडाचा काळा दोरा कात्रीने कचकन कापून बादलीत टाकलेला मी पाहिलाय. सलाइनच्या आड येत होता म्हणे. दुसरा हात नव्हता का तिला? सासू दाराबाहेर, कागद कानडीत, वाचून न दाखवताच अंगठा घेतलेला. (सीमाप्रश्न काढत नाही हो, कळा सोसणारीला तो सुचतही नाही.) अशी बाई पुढच्या खेपेला कशाला येईल?

सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी घरची एक बाई सोबत थांबू शकते, असं केंद्राने २०१६ मध्येच सांगितलंय. ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत आणि उपचारात लुडबूड करू नये, एवढंच. हे डॉक्टरांशी आठव्या महिन्यातच बोलून ठेवा, कळा सुरू झाल्यावर दारात भांडू नका.

गावच्या आरोग्य, स्वच्छता आणि पोषण समितीत तुम्ही आहातच. वाड्यावरच्या जाणत्या सुईणीलाही तिथे बसवा, नुसती सहीपुरती नको. आधी सिझेरियन झालेली, बीपी वाढलेली, अंगावरून रक्त जाणारी बाई वाड्यावर थांबता कामा नये, हे त्या सुईणीच्याच तोंडून गेलं तर ऐकतील. आणि ओढे भरायच्या आत कुणाला खानापुरात आणून ठेवायचं, तिच्यासोबत कोण राहणार, घरची जनावरं कोण बघणार, हे मे महिन्यातच बैठकीत ठरवून टाका. जनावरांचं ठरलं नाही तर ती निघायचीच नाही.