पाच बँकांत एकदम फाइल टाकावी का?

इंदूरच्या लोकमान्य नगरातून एका वाचकांनी विचारलं आहे: "मी पीथमपूरला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. पगार हातात ९२,००० येतो. पत्नी शाळेत शिकवते, तिचा ३८,०००. निपानियात ६२ लाखांचा तीन बेडरूमचा फ्लॅट बघितला आहे, अजून एक-दोन ठिकाणं बघायची आहेत. एफडी धरून २४ लाख जमा आहेत. कारचा हप्ता १४,५००. क्रेडिट कार्डाची मर्यादा २ लाख, त्यावर १.४० लाख बाकी आहेत. मोबाइलवरच्या ॲपमध्ये माझा स्कोअर ७६१ दिसतो. एजंट म्हणतो, आत्ताच पाच बँकांत फाइल लॉगिन करू, जी स्वस्त देईल ती घेऊ. धाकटा भाऊ म्हणतो, फ्लॅट पक्का होईपर्यंत एकाही बँकेत जाऊ नकोस, सिबिल पडेल. बिल्डरचा भाव महिनाअखेरपर्यंतच आहे. काय करू?"

मी तुमच्या जागी असतो तर दोन बँकांत फाइल टाकली असती, तीही कार्डाची बाकी आधी फेडून. पाच ठिकाणी जाणं तुमच्या बाबतीत महागात पडू शकतं. आणि भाऊ म्हणतात तसं बँकेत न जाताच टोकन (फ्लॅट धरून ठेवायला बिल्डरला आधी दिलेली रक्कम) देऊन बसणं त्याहून धोक्याचं आहे.

आधी हे समजून घ्या की स्कोअरला, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासावरून दिलेल्या गुणांना, नेमकं काय लागतं. बँकेच्या फॉर्मवर सही करता किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी देता, तेव्हा तुमच्या पॅनवरून क्रेडिट रिपोर्ट मागवायची परवानगी तुम्ही दिलेली असते. बँकेनं तो मागवला की रिपोर्टात इन्क्वायरीची नोंद पडते: बँकेचं नाव, तारीख, कर्जाचा प्रकार, रक्कम. फ्लॅट ठरलेला नसताना फक्त तत्त्वतः मंजुरी (तुम्हाला किती कर्ज मिळू शकेल याचा बँकेचा प्राथमिक होकार) मागितली तरी सहसा हीच नोंद पडते. 'तुम्हाला ५० लाखांचं प्री-अप्रूव्ह्ड कर्ज' असे जे मेसेज बँक आपणहून पाठवते, त्यानं स्कोअरला धक्का लागत नाही. पण त्यातलं बटण दाबून पुढचा फॉर्म भरलात की तो अर्ज झाला. आपला रिपोर्ट आपण स्वतः कितीही वेळा काढला तरी स्कोअर हलत नाही; ही भीती पुष्कळांना असते आणि त्यापायी ते वर्षानुवर्षं रिपोर्ट बघतच नाहीत.

इंटरनेटवर एक सल्ला सर्रास फिरतो: थोड्या दिवसांत घरासाठी कितीही अर्ज केले तरी ते एकच धरले जातात. तो अमेरिकेतल्या स्कोअरचा नियम आहे. आपल्याकडच्या स्कोअर देणाऱ्या चार कंपन्यांनी, म्हणजे सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क यांनी, अशी सवलत जाहीर केलेली नाही. तेव्हा पाच अर्ज म्हणजे पाच नोंदी असंच धरून चाला. पत्नी सहकर्जदार असेल तर तिच्या नावावरही पाच.

एका इन्क्वायरीनं किती गुण जातात याचं सूत्र सिबिल जाहीर करत नाही. एक-दोन नोंदींचा परिणाम साधारण किरकोळ असतो आणि हप्ते वेळेवर जात राहिले की काही महिन्यांत तो भरून निघतो. मला काळजी वाटते ती बँकेतल्या क्रेडिट अधिकाऱ्याच्या नजरेची. त्याच्यासमोर येणाऱ्या रिपोर्टात इन्क्वायरींचा वेगळा तक्ता असतो: गेल्या ३० दिवसांत किती, १२ महिन्यांत किती, २४ महिन्यांत किती. कोणत्या बँकेनं नकार दिला हे रिपोर्टात लिहिलेलं नसतं, म्हणून तो अंदाज बांधतो. तीस दिवसांत गृहकर्जाच्या पाच इन्क्वायरी आणि खाली एकही नवं कर्ज नाही, म्हणजे बाकीच्यांनी नाकारलं असणार, असा त्याचा पहिला समज होतो. मग 'त्या फाइलींचं काय झालं' याचं लेखी स्पष्टीकरण मागितलं जातं आणि आठवडा तिथेच जातो. एजंटला कमिशन मिळतं ते वाटप झालेल्या कर्जावर. एखादी फाइल अडकलीच तर दुसरी हाताशी असावी म्हणून तो चारपाच ठिकाणी लॉगिन करतो. त्याच्या दृष्टीनं हिशेब बरोबर आहे, पण नोंदी तुमच्या पॅनवर पडतात.

तुमचा स्कोअर ७६१ आहे, म्हणून हे जास्त जपायला हवं. अनेक बँकांचे गृहकर्जाचे दर स्कोअरच्या टप्प्यांवर ठरतात आणि ७५० हा त्यातला नेहमीचा टप्पा. ८२० असता तर पाच इन्क्वायरींनी तुमचा टप्पा बहुधा बदलला नसता. ७६१ वर मात्र हाताशी अकराच गुण आहेत. शिवाय ॲपवर दिसणारा आकडा चारपैकी कुठल्या कंपनीचा आहे ते बघा. बँक दुसऱ्या कंपनीचा रिपोर्ट काढणार असेल तर तिथे आकडा वेगळा निघू शकतो.

टप्पा चुकला तर किती जातात? किमतीच्या ८० टक्के कर्ज धरा, म्हणजे ४९.६० लाख. (३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादाच ८० टक्के आहे, आणि रजिस्ट्रीचा खर्च त्या किमतीत धरला जात नाही, तो वेगळा काढून ठेवा.) २० वर्षांसाठी ८.२५ टक्क्यांनी हप्ता सुमारे ४२,२६० येतो, ८.५० नं सुमारे ४३,०४०. महिन्याला ७८० रुपये, मुदत संपेपर्यंत १.८७ लाख. आणि हा फरक चिकटून राहतो. बँकांचं फ्लोटिंग गृहकर्ज बाहेरच्या दराशी, बहुतेक ठिकाणी रेपोशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते त्याच्याशी), जोडलेलं असतं. रेपो खाली-वर होईल तसा तुमचा दर हलेल, पण त्यावर बँकेनं लावलेली जोखमीची वाढ मंजुरीच्या वेळच्या स्कोअरवर ठरते आणि मागाहून सहजी कमी होत नाही. म्हणून दरांची चौकशी चार ठिकाणी जरूर करा. लॉगिन, म्हणजे प्रत्यक्ष अर्ज, मात्र चार ठिकाणी करू नका.

आता कार्ड. तुम्ही आणि भाऊ दोघंही इन्क्वायरीची चिंता करत आहात. तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा दोष हा १.४० लाखांचा आहे. मर्यादेच्या ७० टक्के कार्ड वापरलेलं आहे. साधारण ३० टक्क्यांच्या आत असावं असा आडाखा आहे, आणि एवढ्या वापराचा स्कोअरवरचा भार एक-दोन इन्क्वायरींपेक्षा जड असतो. दुसरं म्हणजे, बऱ्याच बँका कार्डावरच्या बाकीचे ५ टक्के तुमचा मासिक हप्ता म्हणून धरतात. तुमच्या बाबतीत ७,०००. दोघांचं उत्पन्न १.३० लाख, घराचा हप्ता ४३,०००, कारचा १४,५००, त्यात हे ७,००० मिळवले की ६४,५०० होतात, म्हणजे उत्पन्नाच्या जवळजवळ ५० टक्के. कित्येक बँकांची रेघ तिथेच असते. कार्ड फेडलंत की तोच आकडा ४४ टक्क्यांवर येतो. एफडीवर वर्षाला जेवढं व्याज मिळतं तेवढं कार्डाची बाकी दोन-तीन महिन्यांत खाते. उद्याच एफडीतून १.४० लाख काढा आणि पुढचं बिल निघायच्या तारखेच्या आत भरा, कारण बिलावर दिसणारी बाकीच बहुधा स्कोअरवाल्या कंपन्यांना कळवली जाते. कार्ड बंद करू नका. बंद केलंत तर मर्यादाही जाते आणि जुना चांगला इतिहासही थांबतो.

१ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती महिन्यातून निदान दोनदा कळवावी लागते. ती पोचून नोंदली जायला आणखी काही दिवस जातात. तेव्हा पैसे भरल्यापासून रिपोर्टात दिसेपर्यंत तीन-चार आठवडे धरा.

हे आठवडे वाया घालवू नका. चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. तुमचा आणि पत्नीचा, दोघांचे काढा. फेडलेलं जुनं कर्ज चालू दिसतंय का, कुठे 'सेटल्ड' (पूर्ण न फेडता तडजोडीनं मिटवलेलं) लिहिलंय का, इन्क्वायरीच्या यादीत अनोळखी नाव आहे का, हे बघा. मोबाइल हप्त्यानं घेतला असेल किंवा 'नंतर पैसे द्या' वालं ॲप वापरलं असेल तर त्याचीही नोंद तिथे सापडू शकते, आणि दोनशे रुपयांचा राहिलेला हप्तासुद्धा उशीर म्हणून दिसतो. चूक आढळली तर त्या रिपोर्टावर छापलेला कंट्रोल नंबर देऊन ऑनलाइन तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

याच काळात चार बँकांच्या शाखांत किंवा फोनवर विचारा, पण पॅन न देता. 'दोघांचं मिळून १.३० लाख, कारचा हप्ता १४,५००, कार्ड शून्य, स्कोअर इतका, ५० लाखांच्या आत कर्ज: दर काय, प्रोसेसिंग फी काय, मंजुरी किती दिवस चालते?' एवढ्या माहितीवर अधिकारी दर सांगू शकतो. 'नुसती पात्रता बघतो, पॅन आणि ओटीपी द्या' असं कोणी म्हणालं तर थांबा आणि त्या परवानगीत काय लिहिलंय ते वाचा. फीचाही हिशेब घ्या: अर्धा टक्का म्हटली तर २४,८०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून २९,२६४. ही फी किंवा तिचा काही भाग अनेक ठिकाणी परत मिळत नाही. पाच फाइलींचा हाही एक खर्च.

यातून दोन बँका निवडा. एक तुमच्या पगाराच्या खात्याची. तिला तुमची आवक-जावक दिसतेच. दुसरी अशी की जिनं तुम्ही बघितलेला प्रोजेक्ट आधीच मंजूर केलेला आहे. बिल्डरकडे अशा बँकांची यादी असते. दोन्ही अर्ज त्याच आठवड्यात करा, म्हणजे दुसरी बँक रिपोर्ट काढेल तेव्हा पहिलीची नोंद जुनी, निकालाविना पडलेली दिसून 'त्या फाइलचं काय झालं' असा प्रश्न उभा राहणार नाही. एजंट ठेवायचाच तर त्याला व्हॉट्सॲपवर स्पष्ट लिहा: याच दोन बँका, तिसरी माझ्या लेखी होकाराशिवाय नाही. कोऱ्या फॉर्मवर सही नको. पॅनच्या झेरॉक्सवर बँकेचं नाव, 'फक्त गृहकर्जासाठी' आणि तारीख आडवी लिहून सही करा. रिपोर्ट कोणी मागवला की एसएमएस किंवा ईमेल यायला हवा, म्हणून कर्जाच्या नोंदीतला मोबाइल नंबर चालू आहे ना ते तपासून घ्या.

बिल्डरच्या महिनाअखेरीचं म्हणाल तर त्यानं नेमकी किती सूट धरली आहे ते विचारा. ती ५०,००० असेल तर वरच्या १.८७ लाखांपुढे ती घाई करण्यासारखी नाही. पंधरा-वीस दिवस लेखी वाढवून मागा. सूट दोन-तीन लाखांची असेल तर चित्र बदलतं. मग कार्ड फेडल्याची पावती आणि बँकेकडून बाकी शून्य असल्याचं पत्र फाइलला जोडून लगेच अर्ज करा. रिपोर्टात जुनी बाकी दिसली तरी अधिकारी ते पत्र विचारात घेऊ शकतो.

तत्त्वतः मंजुरी तुमच्या उत्पन्नावर आणि स्कोअरवर मिळते, फ्लॅटवर नाही. फ्लॅटची लीगल (मालकीच्या कागदांची) आणि टेक्निकल (बांधकामाची) तपासणी नंतर होते. जमिनीचं डायव्हर्शन (शेतजमीन बिगरशेती करून घेणं), टाउन अँड कंट्री प्लॅनिंगची मंजुरी, नगर निगमची बांधकाम परवानगी आणि रेराचा (घरप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेचा) नोंदणी नंबर यांच्या प्रती टोकनच्या आधी घ्या. शहराच्या कडेला वाढलेल्या वसाहतींत फाइल अडते ती इथेच. 'लीगल किंवा टेक्निकल कारणानं बँकेनं कर्ज नाकारलं तर टोकन परत' हे वाक्य पावतीवर लिहून घ्या. नोंदणीकृत कराराशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त, म्हणजे ६.२० लाखांवर, घेता येत नाही. हा रेरा कायदाच आहे.

मंजुरीचं पत्र साधारण तीन ते सहा महिने चालतं, आणि फ्लोटिंग दर सहसा वाटपाच्या दिवशीचा लागतो. सोबत मिळणाऱ्या की फॅक्ट स्टेटमेंटमधला (कर्जाच्या अटी आणि खर्चाच्या गोषवाऱ्यातला) सगळे खर्च धरून काढलेला वार्षिक दर दोन्ही बँकांचा शेजारी ठेवून बघा, नुसता जाहिरातीतला नको. जी बँक नको असेल तिला फाइल बंद करायचा अर्ज देऊन पोच घ्या. वाटप होईपर्यंत नव्या घरासाठी फ्रिज, सोफा, काहीही हप्त्यानं घेऊ नका. अनेक बँका चेक काढायच्या आधी रिपोर्ट पुन्हा बघतात.

दोन्ही बँकांनी नकार दिला तर लगेच तिसरीकडे धावू नका. कारण लेखी मागा. कारण जमिनीच्या कागदांचं असेल तर बँक बदलून उपयोग नाही, फ्लॅट बदला. हप्त्यांचा भार जास्त असं असेल तर आणखी चार-पाच लाख स्वतःचे घालून कर्ज कमी करता येतं का ते बघा. रजिस्ट्री आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला राहत असतील तरच. आणि कारण स्कोअरचं असेल तर तीन-चार महिने एकही नवा अर्ज न करता कार्ड कमी वापरत राहा, मग पुन्हा त्या दोघींपैकीच एका बँकेत जा.