जुन्या पीएसपीत 'सीएफडब्ल्यू' आहे म्हणे. होमब्रू म्हणजे पायरसीच का?

तुमचा प्रश्न असा: सातवीतल्या मुलानं खाऊचे पैसे साठवून ओळखीतल्या एकाकडून जुना पीएसपी, म्हणजे सोनीचं हातात धरून खेळायचं गेमयंत्र, घेतला. विकणारा म्हणाला, "सीएफडब्ल्यू टाकलंय, होमब्रू चालतं." शेजारचे म्हणाले, "म्हणजे चोरीचा माल." आता तो परत करायचा का?

परत करू नका. पण आतली मेमरी स्टिक, म्हणजे त्याचं मेमरी कार्ड, आधी संगणकाला लावून बघा. का ते सांगतो. थोडं लांबण लागेल, कारण माझी अकरावी-बारावी याच यंत्रापायी गेली आणि मी दोन्ही पंगतीत जेवलोय.

सीएफडब्ल्यू म्हणजे यंत्रातल्या सोनीच्या मूळ सॉफ्टवेअरची फेरफार केलेली आवृत्ती, त्याचं पुढे सांगतो. होमब्रू म्हणजे कंपनीची परवानगी न घेता, कुणीतरी घरी बसून त्या यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम. शब्दाचं सरळ मराठी केलं तर 'हातभट्टी' होईल, आणि तुमच्या शेजाऱ्यांच्या मनातही नेमकं तेच चित्र असणार! प्रत्यक्षात तो घड्याळाचा प्रोग्राम असतो, पीडीएफ वाचायचा असतो, कुणी स्वतः रचलेला खेळ असतो. पायरसी म्हणजे दुसऱ्यानं विकायला केलेल्या गेमची नक्कल फुकट चालवणं. दोन्ही वेगळी कामं. घोळ होतो तो दोन्हींची वाट एकाच भगदाडातून जाते म्हणून.

पीएसपी जपानमध्ये १२ डिसेंबर २००४ ला आला. त्या पहिल्या यंत्रांत १.०० हे फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या पोटातलं मूळ सॉफ्टवेअर, होतं आणि त्यात सोनीकडून एक मोठीच चूक राहून गेली होती. यंत्र कोणताही प्रोग्राम चालवण्याआधी त्यावर सोनीची डिजिटल सही आहे का ते तपासणार, असा बेत होता. १.०० मध्ये मेमरी स्टिकवरच्या प्रोग्रामची ती तपासणी होतच नव्हती. लोकांना काही महिन्यांतच हे कळलं आणि पडद्यावर पहिलं 'हॅलो' उमटलं. मार्च २००५ मध्ये अमेरिकेत यंत्र गेलं ते १.५० घेऊन, दार लावून. जूनमध्ये तेही उघडलं. युक्ती इतकी साधी की हसू येतं: मेमरी स्टिकवर एकाच नावाचे दोन फोल्डर करायचे, एकाच्या नावापुढे टक्क्याची खूण. एकात प्रोग्रामचं फक्त तोंड, दुसऱ्यात धड. यंत्र तपासायचं एक आणि चालवायचं दुसरं.

तिथून जो उंदीर-मांजराचा खेळ सुरू झाला तो दहा वर्षं चालला. २.०० मध्ये सोनीनं इंटरनेट ब्राउझरचं आमिष दाखवलं, म्हणजे लोक आपणहून अपडेट करतील. केलं लोकांनी. आणि सप्टेंबर २००५ मध्ये टिफ प्रकारच्या एका चित्रफाइलनं तेही फोडलं. नंतर 'जीटीए: लिबर्टी सिटी स्टोरीज' या गेमची मुद्दाम बिघडवलेली सेव्ह फाइल (खेळ कुठवर आला ते साठवणारी फाइल) आली. जून २००७ मध्ये 'ल्युमिनेस' या कोड्याच्या गेमनं ३.५० उघडलं, तेव्हा तो जुना पडलेला गेम दुकानांतून एकदम उचलला जायला लागला. गेम खेळायचा कुणालाच नव्हता.

चित्र किंवा सेव्ह फाइल यंत्राचं कुलूप कसं उघडते? वाटीत मावेल त्यापेक्षा जास्त कढी ओतली की ती ताटातल्या भातात जाते. गेम सेव्ह फाइल वाचताना तिच्यातल्या मजकुरासाठी मेमरीत ठरावीक जागा ठेवतो. मजकूर किती लांब आहे हे तपासायचं राहिलं असेल तर जास्तीचा मजकूर शेजारी सांडतो. आणि शेजारी भाताऐवजी पुढची आज्ञा कुठून उचलायची तो पत्ता असतो. सांडणाऱ्यानं हिशेबानं सांडलं, तर यंत्र तो नवा पत्ता इमानेइतबारे पाळतं.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. भगदाड पाडलं म्हणजे सगळं घर हाती आलं असं नसतं. जुन्या वाड्यात ओसरी असते आणि माजघर असतं. पीएसपीतही तसंच: गेम चालतात ती ओसरी, तिला यूजर मोड म्हणतात. सह्या तपासणं, यूएमडी डिस्क (पीएसपीच्या गेमची छोटी डिस्क) वाचणं, आतली फाइल व्यवस्था, हे सगळं माजघर, म्हणजे कर्नल मोड. एखाद्या गेममधलं भगदाड तुम्हाला बहुधा ओसरीवरच आणून सोडतं. साध्या होमब्रूचं तेवढ्यावर भागतं. नक्कल केलेला गेम चालवायचा तर मात्र 'डिस्क आत आहे' अशी थाप यंत्राला मारावी लागते, आणि ती माजघरात शिरल्याशिवाय मारता येत नाही. म्हणूनच २०१० मध्ये 'पॅटापॉन २' च्या डेमोतून चालणारा हाफ बाइट लोडर आला, तेव्हा त्यात होमब्रू चालायचं आणि चोरीचे गेम चालायचे नाहीत. करणाऱ्यांना तेच हवं होतं. खाली प्रतिक्रियांत मात्र लोकांचा एकच धोशा: "आयएसओ कधी?" आयएसओ म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल. कुणी महिनोन्‌महिने रात्री जागून फुकट काम करावं आणि आपण उंबऱ्यातून विचारावं, "जेवायला काय?"

सीएफडब्ल्यू, म्हणजे कस्टम फर्मवेअर, हे थेट माजघराचं प्रकरण. सोनीचंच फर्मवेअर घेऊन त्यात फेरफार केलेलं. यातलं सगळ्यात गाजलेलं नाव डार्क_अ‍ॅलेक्स या टोपणनावाच्या स्पॅनिश प्रोग्रामरचं. त्याच्या फर्मवेअरवर होमब्रू चालायचं, पडद्याचा फोटो काढता यायचा, आणि मेमरी स्टिकवरून आयएसओही चालायचे. स्वतःच्या डिस्कचा आयएसओ करणाऱ्यांनाही त्यात खरी सोय होती. यूएमडी डिस्क आत घरघर फिरते, गेम सावकाश लोड होतो, बॅटरी खाते. मेमरी स्टिकवर हे तिन्ही त्रास कमी. पण खरं बोलतो: मी ज्या ज्या 'स्वतःच्या डिस्कचा बॅकअप' वाल्यांना भेटलो, त्यातल्या कुणाकडेही डिस्क नव्हती. माझ्याकडेही दोनच होत्या.

माझं सांगतो. २००८ मध्ये मामानं परदेशातून स्लिम पीएसपी आणला. एका डिस्कला तेव्हा दोन हजारांच्या आसपास पडायचे, आणि माझा महिन्याचा पॉकेटमनी दोनशे. दुसऱ्या मॉडेलची फाइल माझ्या यंत्रात घालून मी ते पहिल्याच महिन्यात 'ब्रिक' केलं, म्हणजे अक्षरशः वीट. हिरवा दिवा लागायचा, पडदा काळा, काही क्षणांत दिवाही जायचा. मामाला सांगायची सोय नव्हती. मित्रानं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका गाळ्यात नेलं. काउंटर जेमतेम दोन हात रुंद. त्या पोरानं माझी बॅटरी काढली, आपली एक मळकी बॅटरी आणि मेमरी स्टिक घातली. आणि पीएसपी आपोआप चालू झाला! बटणाला हात न लावता. पडद्यावर स्पॅनिशमध्ये 'देस्पेर्तार देल सेमेंतेरिओ', म्हणजे 'स्मशानातली जाग'. मला तेव्हा अर्थ माहीत नव्हता, पण तो अगदी बरोबर होता.

तिला पॅन्डोरा बॅटरी म्हणत. ऑगस्ट २००७ मध्ये ती पद्धत उघड झाली. सोनीच्या दुरुस्ती केंद्रांसाठी ठेवलेलं ते चोरदार होतं. बॅटरीतल्या छोट्या चिपमध्ये एक अनुक्रमांक असतो. तो सगळा 'एफ' असला की यंत्राला वाटतं आपण दुरुस्तीच्या टेबलावर आहोत, आणि ते स्वतःच्या मेमरीऐवजी मेमरी स्टिकवरून सुरू होतं. अपडेटनं हे बुजवता येईना, कारण ही समज कारखान्यातच चिपमध्ये पक्की बसवलेली. सोनीला पुढच्या यंत्रांचं हार्डवेअरच बदलावं लागलं.

गाळेवाल्यानं पाचशे घेतले आणि वर न विचारता चाळीस-पन्नास गेम भरून दिले. होमब्रू हा शब्द त्यानं उच्चारलाही नाही. त्याच्याकडूनच घेतलेली मेमरी स्टिकही पुढे नकली निघाली. चोरीचे गेम बनावट कार्डावर, तक्रार करणार कुठे?

त्या पन्नासातले मी तीन पूर्ण केले असतील. फुकटच्या गेमला पहिल्या दहा मिनिटांत कंटाळा आला की माणूस पुढच्याकडे वळतो. मन लागलं ते वेगळ्याच ठिकाणी. 'बुकर' नावाचा पीडीएफ वाचायचा होमब्रू होता. त्यात मी यंत्र आडवं-उभं करून मराठी पुस्तकं वाचायचो. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधलेला असल्यानं जोडाक्षरं फुटत नसत, साध्या मजकुराच्या फाइलीत मात्र नुसते चौकोन. मग मी फुकट मिळणारी प्रोग्रामिंगची साधनं उतरवून स्वतः एक प्रोग्राम लिहिला: पाढे विचारणारा. देवनागरी आकडे यंत्राला माहीत नव्हते, म्हणून आलेख वहीवर आठ बाय आठ चौकोनांत दहा आकडे काढले, काळा चौकोन एक, पांढरा शून्य, आणि ते टंकले. ६ आणि ९ छान जमले. ५ मात्र शेवटपर्यंत ४ सारखाच दिसायचा, आणि धाकटी बहीण त्यावरून बरोबर उत्तर देऊनही हरायची. सी भाषा मी कॉलेजात शिकलो नाही, त्या ५ पायी शिकलो.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या हॅकरांच्या परिषदेत 'फेलओव्हरफ्लो' या गटानं दाखवलं की सोनीनं पीएस३ या आपल्या घरगुती गेमयंत्रावरच्या सह्यांत घोडचूक केली आहे. त्या पद्धतीत दर सहीला एक नवा यादृच्छिक आकडा घ्यायचा असतो. सोनी दर वेळी तोच वापरत होती. मग दोन सह्या समोर ठेवून शाळकरी बीजगणितानं सही करायची गुप्त किल्ली काढता येते. पुढे पीएस३ च्या पोटात पीएसपीच्या किल्ल्याही सापडल्या, कारण पीएस३ वर पीएसपीचे छोटे गेम चालायचे. २०११ पासून होमब्रूवाले आपल्या प्रोग्रामवर सोनीचीच सही ठोकायला लागले. भगदाडाची गरजच संपली, पुढच्या दारानं ये-जा.

नंतरच्या यंत्रांवरही तोच तमाशा. पीएस व्हीटावर जुलै २०१६ मध्ये टीम मॉलिक्युलनं 'हेन्काकू' काढलं, ब्राउझरमध्ये एक पान उघडलं की झालं. गेम चोरायची सोय त्यांनी मुद्दाम दिली नव्हती. ऑगस्टमध्ये दुसऱ्यांनी ती वर बसवली. निन्टेन्डो कंपनीच्या स्विचवर तर एका टोळीनं कुलूप फोडायची साधनं विकून धंदा केला, आणि तिच्यातल्या एकाला २०२२ मध्ये अमेरिकेत ४० महिन्यांची कैद झाली. भगदाडं शोधून फुकट वाटणारे आणि ती बाटलीत भरून विकणारे यांच्यात मी फरक करतो.

कायद्याचं थोडक्यात, मी वकील नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं ६५ अ कलम आलं. संरक्षणाचं कुलूप तोडणं गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद, पण 'हक्कभंग करण्याच्या इराद्यानं' तोडलं तर. हा इरादा महत्त्वाचा. दुसरीकडे ६३ ब म्हणतं की नक्कल आहे हे माहीत असून ती वापरणं हाही गुन्हा. म्हणजे स्वतःचा पाढ्यांचा प्रोग्राम चालवायला कुलूप उघडणं आणि गाळेवाल्याचे पन्नास गेम खेळणं यांना कायदाही एकाच तागडीत तोलत नाही.

तर आता मेमरी स्टिक. संगणकाला लावल्यावर 'पीएसपी' फोल्डरात 'गेम' नावाचा फोल्डर दिसेल. होमब्रू तिथे असतं. बाहेर, अगदी वरच्या पायरीवर, 'आयएसओ' नावाचा फोल्डर असेल आणि त्यात ढिगानं गेम असतील, तर ते विकणाऱ्यानं भरून दिलेले. ते पुसा, पण आधी मुलाला जवळ बसवून हे काय आहे ते दाखवा, नाहीतर तुम्ही त्याचे पैसे बुडवले असं त्याला वाटेल. बदल्यात जुन्या गेमच्या एक-दोन यूएमडी घेऊन द्या, सेकंडहँड मिळतात. यंत्रातलं फर्मवेअर बहुधा ६.६० किंवा ६.६१ वर आधारलेलं असेल. ते पूर्ण बंद होऊन सुरू झालं आणि होमब्रू चालेनासं झालं, तर घाबरू नका. त्यातले बरेच प्रकार तात्पुरते असतात, मेनूतून एक छोटा प्रोग्राम पुन्हा चालवला की परत येतं.

आणि कॉपीराइटपेक्षा आधी एक गोष्ट आजच करा: मागचं झाकण काढून बॅटरी बघा. इतक्या जुन्या बॅटऱ्या फुगतात. मी हौसेनं पॅन्डोरा करून ठेवलेली माझी जुनी बॅटरी काही वर्षांनी कपाटातून काढली तर पुरीसारखी टम्म होती. झाकण नीट बसत नसेल, फट दिसत असेल, तर ती बॅटरी चार्ज करू नका, टोचू-दाबू नका, ई-कचऱ्यात द्या. नवी बॅटरी येईपर्यंत यंत्र नुसत्या चार्जरवरही चालतं.