वृत्तपत्र काढायचंय, मग बी.कॉम. वाया गेलं का?

प्रश्न : मी टी.वाय.बी.कॉम.ला आहे. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी ‘इंडियन एक्स्प्रेस’चे मालक रामनाथ गोएंका यांच्यावरचे श्रद्धांजलीपर लेख वाचले आणि आपणही असं वृत्तपत्र चालवावं असं वाटू लागलं. वडील म्हणतात, सीए कर. मी पत्रकारितेला प्रवेश घेऊ का?

उत्तर : आणीबाणीतल्या सेन्सॉरशिपच्या निषेधार्थ 28 जून 1975च्या ‘इंडियन एक्स्प्रेस’ने कोरा ठेवलेला अग्रलेख तू वाचलेल्या बहुतेक लेखांत असेल. असायलाच हवा. पण खरी कसोटी त्यानंतर लागली. बातम्यांवर सेन्सॉरची कात्री होतीच, शिवाय धंद्याचीही कोंडी झाली. सरकारी जाहिराती बंद झाल्या, बँकांनी हात आखडला. संचालक मंडळावर सरकारच्या मर्जीतली माणसं आली, अध्यक्षपदी के. के. बिर्ला बसले. कर थकल्याचं निमित्त करून महापालिकेने दिल्लीतल्या छापखान्याची वीजसुद्धा तोडली.

अशा वेळी मालकाला ताळेबंद वाचता यावा लागतो, कंपनी कायदा कळावा लागतो आणि कोर्टात कुठल्या मुद्द्यावर जायचं हे ठाऊक असावं लागतं. म्हणून तुझं बी.कॉम. ही जमेची बाजू आहे, ते नीट पूर्ण कर.

सीए वाईट नाही. 55 टक्के किंवा जास्त गुण असतील तर फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट इंटरमीजिएटला नोंदणी होते. तरी तुझं ध्येय पाहता मी तीन वर्षांचं एलएलबी सुचवेन आणि सुट्ट्यांत जिल्हा दैनिकात कोर्ट व महापालिकेचं वार्तांकन. तिथे पगार कमी मिळेल, पण नोटीस, ठराव, स्थगिती हे सगळं कागदावर कसं दिसतं ते कळेल.

दोन निकाल आधी वाच. पहिला पुण्याच्या ‘सकाळ’चा. पानांच्या संख्येवर किंमत ठरवणारा केंद्राचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1961मध्ये रद्द केला. खपावर गदा म्हणजे अभिव्यक्तीवर गदा, हे तत्त्व त्यातून पक्कं झालं. दुसरा मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाचा : ऐन आणीबाणीत, 1976मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने सेन्सॉरचे आदेश रद्द केले. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो.

पुढे स्वतःचं नियतकालिक काढशील तेव्हा नोंदणी 2023च्या नव्या कायद्याखाली, प्रेस सेवा पोर्टलवर करावी लागेल. अर्ज अडतो तो बहुधा नावापाशी. मिळतंजुळतं नाव आधीच नोंदलेलं असेल तर ते मिळत नाही, म्हणून पर्यायी नावं तयार ठेव. अंक छापील किमतीत निघत नाही, तूट जाहिराती भरून काढतात आणि दबाव नेमका तिथूनच येतो. सगळ्यात मोठ्या जाहिरातदाराने पाठ फिरवली तरी तीन महिन्यांचे पगार आणि कागदाचं बिल भागेल एवढी शिल्लक जमल्याशिवाय पहिला अंक काढू नकोस.

वार्षिक अंकातल्या लेखाबद्दल : आणीबाणीत पदावरून दूर केलेले ‘एक्स्प्रेस’चे संपादक एस. मुळगावकर आणि त्यांच्या जागी आल्यावरही न झुकलेले व्ही. के. नरसिंहन यांची नावं त्यात असू देत. गोएंका 1971मध्ये विदिशातून जनसंघाचे खासदार झाले होते, तेही लिही. लपवलंस तर वाचकाचा बाकीच्या मजकुरावरचा विश्वासही उडेल.

एलएलबीच्या सीईटीचे अर्ज पदवीचा निकाल लागायच्या खूप आधी सुटतात आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ते भरता येतात. अनेक जण निकालाची वाट पाहत बसतात आणि त्यांचं वर्ष जातं. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर आत्तापासूनच लक्ष ठेव.