इंग्लंडच्या शाळेत टीचिंग असिस्टंटला एकटीने अख्खा वर्ग सांभाळायला सांगितलं तर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळेत दीड वर्षापासून टीचिंग असिस्टंट आहात, शिक्षिका आल्या नाहीत की 30 मुलांचा वर्ग तुमच्याकडे येतो, गेल्या महिन्यात असं सहा वेळा झालं आणि त्याचे वेगळे पैसे मिळाले नाहीत. हे नियमात बसतं का, आणि नाही म्हणता येतं का?

मी याच कामात नऊ वर्षं आहे, त्यातली शेवटची चार एचएलटीए, म्हणजे वरच्या दर्जाची टीचिंग असिस्टंट म्हणून. नियमात बसू शकतं. पण वर्गावर लक्ष ठेवणं वेगळं आणि वर्गाला शिकवणं वेगळं, आणि सकाळी पावणेनऊला घाईघाईत 'आज जरा वर्ग बघाल का?' असं विचारताना हा फरक कोणी सांगत नाही.

शिक्षकांनी ठेवलेलं काम मुलं आपापलं करताहेत, तुम्ही रजिस्टर घेताय, शिस्त बघताय, शेवटी वह्या गोळा करताय, याला कव्हर म्हणतात. धडा आखणं, तो शिकवणं, मुलांची प्रगती तपासणं आणि तिचा अहवाल देणं ही कामं मात्र 2012 च्या नियमांत 'स्पेसिफाइड वर्क' म्हणून वेगळी काढलेली आहेत. शिक्षकाची पात्रता नसलेल्या व्यक्तीने ती करायची तर पात्र शिक्षकाच्या कामाला मदत म्हणून, त्यांच्या सूचनेनुसार आणि देखरेखीखाली. शिवाय तेवढं कौशल्य आणि अनुभव तुमच्याकडे आहे अशी हेडटीचरची खात्री असायला हवी. ते शिक्षक त्याच खोलीत हजर हवेत असं मात्र नियम म्हणत नाही, आणि सगळी ओढाताण इथेच होते. हे नियम काउन्सिलच्या अखत्यारीतल्या शाळांचे. तुमची शाळा अकॅडमी, म्हणजे सरकारी पैशावर पण काउन्सिलच्या अखत्यारीबाहेर चालणारी, असेल तर आधी स्वतःचा करार आणि जॉब डिस्क्रिप्शन काढून वाचा.

ही वेळ का आली तेही सांगते, म्हणजे तुम्ही स्वतःला दोष देणार नाही. 2003 साली सरकार आणि बहुतेक युनियन यांच्यात शिक्षकांचा कामाचा बोजा कमी करण्याचा करार झाला. 2005 पासून शिक्षकांना शिकवण्याच्या वेळेपैकी किमान 10 टक्के वेळ तयारीसाठी मिळू लागला. 2009 पासून गैरहजर सहकाऱ्याचा वर्ग त्यांनी क्वचितच घ्यावा असं ठरलं. दोन्ही गोष्टी योग्यच होत्या. पण मोकळे झालेले ते तास कोणाला तरी भरावे लागणार होते. बाहेरून बदली शिक्षक आणायचा तर दिवसाचे पैसे मोजावे लागतात. टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट, शाळेतच असते.

कव्हर म्हणजे नुसतं लक्ष ठेवणं, हे कागदावर सोपं आहे. चौथीच्या वर्गात मला एकदा अपूर्णांकांचे कागद देऊन पाठवलं होतं. दहा मिनिटांत एका मुलीने विचारलं, ‘4 हा 3 पेक्षा मोठा, मग एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा लहान कसा?’ तिला ‘उद्या मॅडमना विचार’ असं सांगायला माझी जीभ रेटली नाही. मी फळ्यावर सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या काढल्या, एकीचे तीन भाग केले, दुसरीचे चार, आणि बघता बघता सगळा वर्ग ऐकू लागला. त्या क्षणी मी शिकवत होते: तयारीशिवाय, टीएच्या पगारात. मुलांना उत्तर दिल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण तो धडा होता हे शाळेने मान्य करायला हवं होतं. ते काम मुलांना आपलं आपण करता येण्यासारखं नव्हतंच, म्हणजे कव्हरला द्यायलाच नको होतं.

याहून मोठी गोष्ट मला खूप उशिरा उमगली. मी पुढे उभी असताना माझी रोजची जागा रिकामी असायची. तेव्हा ईएचसी प्लॅन, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलाला कोणती मदत द्यायची याचा कायदेशीर आराखडा, असलेल्या एका मुलासोबत मी काम करायचे. मी कव्हरला गेले की तो कोपऱ्यात हेडफोन लावून बसायचा. प्लॅनमध्ये लिहिलेली मदत मुलाला मिळेल हे पाहणं 2014 च्या कायद्याने स्थानिक प्रशासनावर बंधनकारक आहे. पण टीए आज दुसऱ्या वर्गात आहे हे त्याच्या आईला कोण कळवणार? तुमच्याकडे असं एखादं मूल असेल तर सगळ्यात आधी त्याच्याबद्दल बोला.

सरळ नकार देऊ नका, असं माझं मत आहे. शिक्षिका अचानक आजारी पडली आणि मुलं दारात उभी असतील तर आत जा. पण जाताना विचारून घ्या: काम कोणी ठेवलंय, ॲलर्जी असलेली मुलं कोणती, अडचण आली तर कोणाला बोलवू, आणि मी रोज ज्या मुलाला मदत करते त्याच्यासोबत आज कोण आहे. काम ठेवलेलंच नसेल तर ते कव्हर नव्हे, तसं तिथेच सांगा.

आणि आजपासून नोंद ठेवा. तारीख, वेळ, वर्ग, काम ठेवलं होतं का, कोणी सांगितलं, कोणत्या मुलाची मदत बुडाली. एवढंच, तक्रारीची भाषा नको. मी एक टर्म लिहिलं तेव्हा 23 वेळा निघाल्या. युनियनमध्ये नसाल तर आधी सदस्य व्हा. युनिसन आणि जीएमबी दोन्हींमध्ये टीए मोठ्या संख्येने आहेत. आधीच सुरू असलेल्या वादात नव्या सदस्याला मदत मिळणं कठीण जातं, म्हणून प्रकरण चिघळायची वाट पाहू नका. पैशांबाबत एकच प्रश्न लेखी विचारा: माझ्या ग्रेडच्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये अख्ख्या वर्गाचं कव्हर आहे का? नसेल तर त्या तासांना वरच्या ग्रेडचा दर मागता येतो. अनेक शाळा तो देतात, पण मागितल्याशिवाय नाही.

आपल्याकडे शिक्षकाच्या जागी उभं राहणं मानाचं वाटतं, त्यामुळे ‘तुम्ही किती छान सांभाळता’ असं कोणी म्हटलं की पुढचं बोलणं जड जातं. मलाही तीन वर्षं जड गेलं.

मी ती यादी घेऊन युनियनच्या प्रतिनिधीसोबत हेडटीचरकडे गेले तेव्हा त्या आकडा पाहून गप्पच झाल्या. दर वेळी वेगळ्या व्यक्तीने मला पाठवलं होतं, बेरीज कोणी केलीच नव्हती. मागचे पैसे मिळाले नाहीत. पुढच्या कव्हरला वरचा दर लागू झाला, आणि त्या मुलाचे सकाळचे दोन तास कोणत्याही कारणाने काढायचे नाहीत असं वेळापत्रकावर लिहिलं गेलं. तुमच्या करारातला कव्हरचा मजकूर नावं काढून इथे टाकलात तर तो वाचून नेमकं काय मागता येईल ते सांगते.