गुडघ्याची झीज झाली असेल तर पट्टा बांधावा का? बांधायचा तर कोणता?

तुम्ही लिहिलंय की आई ५८ वर्षांच्या आहेत, मानवतजवळच्या गावात राहतात, खुरपणी-वेचणीला जातात. एक्स-रे काढून डॉक्टरांनी गुडघ्यांची झीज सांगितली. मेडिकलवाला म्हणतो नी-कॅप घेऊन जा आणि शेजारच्या काकू म्हणतात पट्ट्याची सवय लागली की पाय कायमचा कमजोर होतो.

मी डॉक्टर नाही. परभणीत राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेवर आयुष्य गेलं, आणि माझा उजवा गुडघा नऊ वर्षांपासून धरलेला आहे. आमच्याकडची जुनी माणसं ‘टोंगळे गेले’ म्हणतात, तेच. या नऊ वर्षांत दोन पट्टे वापरले. पहिल्याने त्रास वाढवला, दुसऱ्याने मला पुन्हा बाजारापर्यंत पायी नेलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पट्टा घ्या. पण तो चालण्यासाठी असतो, हे आईंना आधी सांगा. पट्टा बांधून बाजेवर पडून राहिलं तर त्याचा काहीच उपयोग नाही. पट्ट्यामुळे दुखणं थोडं कमी होतं, आणि त्या थोड्या उसंतीत पाय चालवून मांडीचे स्नायू भक्कम करायचे असतात. ही दुसरी गोष्ट होणार नसेल तर पैसे खर्चू नका.

माझी पहिली चूक सांगते. गुडघा दुखायला लागला तेव्हा मीही मेडिकलमधून नी-कॅप आणली, ती विणलेली, मोज्यासारखी पायात चढवायची असते ती. दुकानदाराने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि ‘लार्ज बसेल’ म्हणाला. माप घेतलं नाही, मीही मागितलं नाही. ती मांडीवरून गुंडाळत खाली यायची आणि गुडघ्याच्या मागे तिचा जाड दोर व्हायचा. संध्याकाळी पोटरी सुजलेली, कातडीवर वळ. मी समजले, घट्ट आहे म्हणजे काम करत असणार, आणि सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत ती काढलीच नाही. मे महिना होता. परभणीचा मे तुम्हाला सांगायला नको. आठ दिवसांत गुडघ्यामागे घामोळं, मग खाज, मग जखम. सासूबाई म्हणाल्या, ‘पाय बरा करायलीस का सडवायलीस माय?’ तेव्हा ती काढली.

नंतर एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी आधी मला उभं करून पाठमोरं चालायला लावलं, बोटाने दुखतं ती जागा दाखवायला सांगितली, आणि उभ्याने काढलेला एक्स-रे मागितला. माझा झोपून काढलेला होता. उभं राहिल्यावर अंगाचं वजन गुडघ्यावर येतं, तेव्हाच दोन हाडांमधली फट खरी किती उरली ते दिसतं. माझी आतल्या बाजूची, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडची फट कमी झालेली निघाली. आपल्याकडे बहुतेकांची झीज याच बाजूला असते, म्हणून उतारवयात बायकांचे पाय हळूहळू फेंगडे पडत जातात. पाय असा बाहेर वाकला की आतल्या बाजूवर आणखी भार येतो, आणखी झीज होते.

कोणता पट्टा, हे इथे ठरतं. सगळे गुडघे एकाच जागी झिजत नाहीत.

साधी नी-कॅप ऊब देते, गुडघा धरल्यासारखा वाटतो, पाऊल टाकायचा भरवसा येतो. हाडांवरचा भार ती फारशी हलवत नाही. झीज सुरुवातीची असेल, सकाळी आखडल्यासारखं होत असेल, तर एवढं पुरतं. दुखणं समोर, वाटीच्या मागे असेल, जिना उतरताना आणि बसून उठताना जास्त असेल, तर वाटीपाशी भोक असलेला, वाटी जागेवर धरणारा पट्टा असतो. गुडघा मध्येच दगा देत असेल, चालता चालता लचकत असेल, तर दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या आणि बिजागरी असलेला घ्यावा लागतो.

माझ्यासारखी एकाच बाजूची झीज असेल तर ‘अनलोडर’ किंवा ‘ओए नी ब्रेस’ या नावाने मिळणारा पट्टा असतो. त्याची युक्ती मला फार आवडली, शाळेत तरफ शिकवायचे त्याची आठवण झाली. तो तीन ठिकाणी रेटा देतो. मांडी आणि नडगी आतल्या बाजूने धरतो आणि मधे गुडघ्याला बाहेरच्या बाजूने आत दाबतो. त्यामुळे बाहेर वाकलेला पाय किंचित सरळ होतो आणि झिजलेल्या बाजूवरचं काही ओझं धडक्या बाजूकडे जातं. हा महाग असतो, नी-कॅपच्या कितीतरी पट. म्हणून तो फिजिओ किंवा हाडांच्या डॉक्टरांनी पाय बघून सांगितल्याशिवाय घेऊ नका. दोन्ही बाजू झिजल्या असतील किंवा पाय इतका वाकला असेल की हाताने दाबूनही सरळ होत नाही, तर त्याचा फायदा फार थोडा.

मी बांधला त्या दिवशी काही जादू झाली नाही. पंधरा दिवस तो मला टोचला, साडीच्या परकरात अडकला. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की भाजी आणायला गेले आणि परतताना मधल्या वट्ट्यावर बसावं लागलं नाही.

पट्ट्याबद्दल तज्ज्ञांचं एकमत नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत, दुखण्यामुळे किंवा सांधा डळमळल्यामुळे चालणंच अडलं असेल त्यांना गुडघ्याचा पट्टा ठामपणे सुचवला. ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या ‘नाइस’ संस्थेने २०२२ मध्ये उलट सांगितलं की पट्टा सरसकट कुणाला देऊ नका. सांधा डळमळत असेल किंवा भार चुकीचा पडत असेल, आणि पट्ट्याशिवाय व्यायाम जमत नसेल किंवा लागू पडत नसेल, तेव्हाच द्या. मला या दोन्हींत मोठा विरोध दिसत नाही. ज्याचं पाऊल अडलंय त्याला पट्टा, बाकीच्यांना आधी व्यायाम. झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गादी, पट्ट्याने परत येत नाही; येते असं कुणी सांगून विकत असेल तर त्या दुकानातून बाहेर पडा.

काकूंच्या भीतीचं काय? पट्ट्यामुळे मांडीची ताकद गेली, असं पट्टा वापरणाऱ्यांवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. ताकद जाते ती दुखतंय म्हणून पाय हलवणं सोडल्याने. काकूंनी पट्टा बांधून खाटेवर बसलेली माणसं पाहिली असणार, आणि दोष पट्ट्यावर गेला.

आईंनी करायचा व्यायाम फुकट आहे. बाजेवर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. दुसरा, उताणं झोपून एक गुडघा वाकवायचा आणि दुसरा पाय ताठ ठेवून वीतभर वर उचलून धरायचा. तिसरा, उंच खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, जमेल तितक्या वेळा. व्यायामानंतर थोडं दुखलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशीही ठणका राहिला तर संख्या कमी करा. माझ्या मांडीला फरक कळायला दीड-दोन महिने लागले. त्या काळात मी पट्टा बांधून पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्याने चालायचे, आधी दहा मिनिटं, मग वीस. घरी आले की पट्टा खुंटीला.

आता शेतीचं. इथे पट्ट्याची मर्यादा फार लवकर येते. उकिडवं बसून खुरपताना कुठलाच पट्टा साथ देत नाही. तो गुडघ्यामागे गोळा होतो, रक्त अडतं, आणि पूर्ण वाकलेल्या गुडघ्यावर ताण तर येतोच. खुरपणीचं काम बदलता आलं तर बदला: सायकल कोळप्याने उभ्याने तण काढता येतं, ओळीतलं उरलेलं तेवढं दुसऱ्या कुणी खुरपावं. वेचणी उभ्याने होते, तिथे पट्टा उपयोगी पडतो. शेतात जाताना बांधायचा, दुपारी भाकरीला बसताना काढायचा, कातडी बघायची, पुन्हा बांधायचा. घरात खाली बसून भाकरी थापणं बंद करून ओट्यावर सोय करा. संडासासाठी मेडिकलमध्ये कमोडची खुर्ची मिळते. माझ्या अनुभवात कुठल्याही पट्ट्यापेक्षा त्या खुर्चीने जास्त आराम दिला. सप्ताहात, हळदीकुंकवाला खुर्ची मागायला आईंना संकोच वाटेल. पहिल्या वेळी तुम्हीच आणून ठेवा.

काठीचंही तेच. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. उजवा गुडघा दुखतो तर डाव्या हातात. आपल्याकडे बहुतेक जण उलटी धरतात आणि मग म्हणतात काठीने काही होत नाही. आईंचं वजन जास्त असेल तर तेही बघा. १ किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोंनी कमी होतो.

बांधताना पायावर थेट रबरी कापड येऊ देऊ नका. लांब सुती मोज्याचं पाऊल कापून टाकायचं, ती नळी आधी चढवायची, वर पट्टा. आपल्या उन्हाळ्यात हे केलं नाही तर माझ्यासारखं घामोळं ठरलेलं. पट्ट्याखाली बोट सहज सरकलं पाहिजे. दुखण्याची जेल किंवा झोंबणारा बाम लावून वर घट्ट पट्टा आवळू नका, कातडी भाजते. रात्री झोपताना काढायचाच. धुवून सावलीत वाळवायचा.

आईंना शुगर असेल तर रोज पट्टा काढल्यावर कातडी डोळ्यांनी तपासा, कारण पायाची जाणीव कमी झालेली असेल तर जखम होऊनही कळत नाही. पोटरीवर फुगलेल्या निळ्या शिरा असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून गरम झाली, किंवा गुडघा लाल होऊन ताप आला, किंवा गुडघा मध्येच अडकून सरळच होईना, तर पट्टा काढून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मापासाठी शिंप्याची टेप घ्या. आईंना उभं करा. वाटीच्या मधोमध घेर, तिथून १५ सेंटिमीटर वर मांडीचा आणि १५ सेंटिमीटर खाली पोटरीचा घेर लिहा, आणि खोक्यावरच्या तक्त्याशी जुळवा. काही कंपन्या अंतर वेगळं घेतात, ते तक्त्यात दिलेलं असतं. सकाळी मोजा, संध्याकाळपर्यंत सूज चढते. दुकानात चढवून दहा पावलं चालून, एकदा बसून-उठून बघा, आणि बदलून देणार का हे पैसे देण्याआधी विचारा. दोन्ही पायांची मापं वेगळी घ्या. माझी उजवी मांडी डाव्या मांडीपेक्षा दोन सेंटिमीटरने बारीक निघाली होती, आणि व्यायाम किती मागे पडलाय ते मला तेव्हा कळलं.